पेशीतली चिठ्ठी

डीएनएचं नाव आता घराघरांत पोचलंय. मालिकांतले इन्स्पेक्टरसुद्धा ऊठसूट डीएनए चाचणी मागवतात. त्याचा भाऊ आरएनए मात्र आपल्याला माहीत झाला तो करोनाच्या साथीत, लशीच्या निमित्ताने. मी विज्ञानाची बाई नव्हे, इतिहासाची. त्यामुळे यातलं रसायन मला बेताचंच कळतं, पण माणसांच्या गोष्टी आवडतात. आज त्यातलीच एक.

१९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची रचना मांडली. (रोझलिंड फ्रँकलिनच्या क्ष-किरण छायाचित्राशिवाय ते जमलं नसतं, पण तो वेगळा लेख होईल.) वंशाची सगळी माहिती कुठे लिहिलेली असते ते कळलं. पण मग एक अडचण उभी राहिली. डीएनए बसतो पेशीच्या केंद्रकात, कडीकुलपात. शरीराचं खरं काम करणारी प्रथिनं तयार होतात बाहेर, रायबोसोम नावाच्या बारीक कणांवर. मग आतला मजकूर बाहेर पोचतो कसा? दफ्तरखान्यातला मूळ कागद कोणी बाहेर नेऊ देत नाही, नक्कल करून घ्यावी लागते. तशी नक्कल इथे कोण करतं?

रायबोसोममध्ये आरएनए भरपूर असतो हे माहीत होतं. तेव्हा हीच ती नक्कल, असा बऱ्याच जणांचा समज झाला. म्हणजे प्रत्येक रायबोसोम एकाच प्रथिनाला बांधलेला. जणू प्रत्येक पदार्थाला वेगळी चूल!

याच सुमारास, १९५६ मध्ये, अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात ओक रिज इथे दोघे जण काम करत होते. एलियट वोल्किन आणि लाझारस अ‍ॅस्ट्रॅखन. (ओक रिज म्हणजे अणुबॉम्बसाठी युरेनियम तयार करायला वसवलेलं गाव.) त्यांनी जिवाणूंना विषाणूची लागण करवली आणि किरणोत्सारी फॉस्फरसच्या मदतीने पाहिलं, तर अगदी थोडा नवा आरएनए तयार होत होता आणि लगेच मोडतही होता. गंमत म्हणजे त्यातल्या घटकांचं प्रमाण जिवाणूच्या डीएनएशी जुळत नव्हतं, विषाणूच्या डीएनएशी जुळत होतं. म्हणजे चिठ्ठी हातात होती! पण ही निरोपाची चिठ्ठी आहे, असं काही त्यांनी म्हटलं नाही. वाचणाऱ्यांनीही म्हटलं नाही. निबंध छापला गेला आणि गोष्ट तिथेच राहिली.

चार वर्षं गेली. १५ एप्रिल १९६०, गुड फ्रायडे. केंब्रिजला सिडनी ब्रेनरच्या खोलीत काही मंडळी गप्पा मारत बसली होती. पॅरिसहून आलेला फ्रान्स्वा जाकोब तिकडच्या प्रयोगांबद्दल सांगत होता, की जनुक पेशीत शिरलं की प्रथिन जवळजवळ लगेच बनू लागतं. नवे रायबोसोम घडायला तेवढा वेळच नसतो. हे ऐकताना ब्रेनर एकदम ओरडला. क्रिकलाही उमगलं. वोल्किन आणि अ‍ॅस्ट्रॅखन यांचा तो अल्पजीवी आरएनए म्हणजेच निरोप्या! रायबोसोम ही नुसती चूल. चिठ्ठीवर जे लिहिलं असेल ते ती शिजवणार.

ते सिद्ध करायला ब्रेनर आणि जाकोब त्याच वर्षी जूनमध्ये कॅलिफोर्नियात मॅथ्यू मेसेलसनच्या प्रयोगशाळेत गेले. प्रयोग काही जमेना, रायबोसोम फुटून जात. दिवस संपत आले. वैतागून समुद्रकिनारी बसले असताना ब्रेनर उठून ओरडला, ‘मॅग्नेशियम!’ प्रयोगातलं सीझियम मॅग्नेशियमची जागा घेत होतं, म्हणून कण टिकत नव्हते. भरपूर मॅग्नेशियम घातलं आणि जमलं. (हा ब्रेनर फारच ओरडणारा माणूस दिसतो.) १३ मे १९६१ च्या ‘नेचर’मध्ये निबंध आला. हार्वर्डमध्ये वॉटसनच्या गटालाही तेच सापडलं होतं. त्यांचाही निबंध त्याच अंकात आहे.

पुढच्या गोष्टी भराभर घडल्या. १९६१ च्याच मे महिन्यात, २७ तारखेला, बेथेस्डा इथे मार्शल नायरेनबर्गचा जर्मन सहकारी हाइनरिख मथाई याने एकच अक्षर पुन्हा पुन्हा असलेला कृत्रिम आरएनए वापरून पाहिला. त्यातून एकाच अमिनो आम्लाची साखळी मिळाली. डीएनएच्या भाषेतला पहिला शब्द वाचता आला. उरलेली बाराखडी लावणाऱ्यांत आपल्या फाळणीपूर्व पंजाबातले हरगोविंद खोराना होते. वडील पटवारी, म्हणजे आपल्याकडचे तलाठी. शंभरेक वस्तीच्या गावात लिहितं-वाचतं असं जवळजवळ एकच घर, ते यांचं. १९६८ चं नोबेल नायरेनबर्ग, खोराना आणि हॉली यांना मिळालं. मथाईला नाही.

आणि ओक रिजचे दोघे? १९६१ च्या निबंधात त्यांच्या कामाचा उल्लेख आहे. पण शोधाची गोष्ट सांगताना बहुतेक लोक केंब्रिजच्या खोलीपासून सुरुवात करतात. मला ते पटत नाही. शिलालेख शोधणारा एक आणि वाचणारा दुसरा, असं इतिहासात नेहमीच होतं. पण म्हणून शोधणाऱ्याला वगळून कसं चालेल?

चिठ्ठी वाचून झाली की पेशी ती फाडून टाकते, हे त्या दोघांच्या प्रयोगातच दिसलं होतं. २०२१ मध्ये माझ्या धाकट्या बहिणीने न्यूजर्सीहून घाबरून फोन केला, ‘ताई, ती आरएनएची लस म्हणे आपला डीएनए बदलते?’ तिला मी हेच सांगितलं. लशीतली चिठ्ठी दफ्तरखान्यात शिरतच नाही. बाहेरच्या चुलीवर तेवढं काम होतं आणि थोड्याच दिवसांत तिचे तुकडे होतात. अर्धा तास बोललो. शेवटी म्हणाली, ‘बरं, घेते.’ घेतल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन, दंड दुखतोय म्हणून!