वांद्याचे फूल

आमच्या चौकला एका आमराईत जुना रायवळ आंबा होता. काही वर्षांपूर्वी वळवाच्या वादळात त्याची फांदी कोसळली, आणि तिला बिलगलेला वांदाही खाली आला. पिवळट-तपकिरी पाकळ्यांवर जाळीदार नक्षी, मधली पाकळी जांभळट, आणि मंद सुवास! शाळेतून येताना मी तो उचलून आणला, कुंडीत काळी माती व शेणखत घालून लावला आणि रोज दोन वेळा पाणी घातले. महिन्याभरात तो मुळापासून कुजला. दारावरून जाणारा एक ठाकूर म्हातारा एवढेच म्हणाला, "मास्तर, याला माती कशाला? याला वारा पायजे."

मी मॅट्रिकच्या पुढे न गेलेला शाळामास्तर. लाज वाटली खरी. पण पुढे पुस्तके चाळू लागलो तेव्हा कळले की, विलायतेतल्या उमरावांचेही माझ्यासारखेच झाले होते.

चूक मुळात नावापासून आहे. वांदा, बांदा, बांडगूळ. झाडावर वाढणारे सारे आपण एकाच पंक्तीला बसवतो. संस्कृतातला 'वन्दा' हा शब्दही तसाच. तो सर विल्यम जोन्स यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस उचलला, आणि १८२० साली 'व्हँडा' हे शास्त्रीय नाव रूढ झाले. पण बांडगूळ फांदीत मुळे खुपसून तिचा रस पिते. वांदा हा आमरीच्या, म्हणजे ऑर्किडच्या कुळातला. तो फांदीचा केवळ आधार घेतो. त्याची जाड, पांढुरकी मुळे पावसाचे नि दवाचे पाणी टिपून घेतात. तो चोर नव्हे, ओसरीवर टेकलेला वाटसरू आहे.

एकोणिसाव्या शतकात विलायतेला आमरींचे वेड लागले. उष्ण देशातली झाडे म्हणून त्यांना बंद काचघरात, धग आणि वाफ यांत कोंडीत. ती मरत, की नवी मागवीत. चॅट्सवर्थ येथे ड्यूक ऑफ डेव्हनशायर यांच्या बागेचे प्रमुख जोसेफ पॅक्स्टन यांनी काचघरात वारा खेळवला, तेव्हा ती जगू लागली. त्याच बागेतला जॉन गिब्सन हा तरुण माळी १८३५ साली हिंदुस्थानात आला आणि खासी टेकड्यांतून आमरी गोळा करून १८३७ साली परतला.

आमचे चौक म्हणजे माथेरानचा पायथा. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट इथूनच डोंगर चढले. पुढे वाटा झाल्या, बंगले झाले, आणि रानातली फुले घरी नेणारे हातही आले. त्यांतले दोन माझे!

आता तशी गरज उरलेली नाही. आमरीचे बी धुळीसारखे बारीक. त्यात शिदोरी नसते. त्याला एक बुरशी भरवते, हे फ्रान्सच्या नोएल बर्नार्ड यांनी १८९९ साली ताडले. १९२२ साली अमेरिकेच्या लुईस नड्सन यांनी साखर घातलेल्या खळीवर, बुरशीवाचून, ते रुजवून दाखवले. रोपवाटिकांतल्या रोपांची वाट तिथून मोकळी झाली.

मीही मग दुसरा वांदा विकत आणला. आंब्याच्या ओंडक्याला काथ्याने बांधून पूर्वेच्या पडवीत टांगला. सकाळचे ऊन, दुपारी सावली. पावसाळ्यात त्याला हातही लावीत नाही. कार्तिकापासून वैशाखापर्यंत सकाळी पाण्याचा फवारा. मुळे पांढरी दिसली की पाणी, हिरवी झाली की पुरे. पानांच्या बेचक्यात मात्र पाणी साचू द्यायचे नाही. पहिली दोन वर्षे त्याने नुसती मुळे धरली. तिसऱ्या वर्षी, पावसाच्या तोंडावर, फुलला!

दिवाळीत पडवीत पणत्या लागतात, तेव्हा लोंबणारी मुळे पाहून पाहुणे विचारतात, "मास्तर, हे बांडगूळ घरात कशाला?" मी त्यांना बसवून घेतो, फराळाचे ताट पुढे करतो आणि ही सारी हकीकत सांगतो. यंदा तुम्हांलाही सांगितली.