एक गळ, एक मासा

सन १३४३. तुम्ही मालदीवमधल्या मालेच्या उथळ पाण्यात गुडघाभर उभे आहात. पाण्यात टाकून ठेवलेल्या नारळाच्या झावळ्या माणसं ओढून काढताहेत, पात्यांना चिकटलेल्या कवड्या सोडवून किनाऱ्यावरच्या खड्ड्यांत टाकताहेत. आतला जीव कुजून गेला की पांढरं कवच उरतं. तोवरचा वास मात्र असा, की नाकाला रुमाल लावल्याशिवाय तिथं उभं राहवत नाही.

गावात एक पाहुणा आलाय, मोरोक्कोचा इब्न बतूता. दौलताबाद, नंदुरबार पाहून, पुढं कालिकतहून तो इथं पोचला. लवकरच त्याला काझी करतील. गादीवर सुलताना खदीजा आहे. एका सोन्याच्या दिनाराला चार लाख कवड्या, असा भाव त्याच्या कानावर येतो. भाव पडला तर बारा लाखही. बंगालचे व्यापारी तांदूळ देऊन कवड्या नेतात. येमेनी तर वाळूऐवजी कवड्याच जहाजाच्या तळाशी भार म्हणून भरतात. तुळजापूरच्या आराध्यांच्या गळ्यातली माळ आठवते? तिच्यातली एखादी कवडी अशाच एखाद्या खड्ड्यातून आलेली असू शकेल.

कवडी, काथ्या आणि उकडून, धुरावर धरून, उन्हात लाकडासारखा कडक केलेला मासा. एवढ्या भांडवलावर ही बेटं तगली.

आता १९७४. तुम्ही धोणीवर, म्हणजे इथल्या मासेमारीच्या बोटीवर आहात आणि पायाखाली इंजिन धडधडतंय. या बोटींना इंजिनं बसायला यंदाच सुरुवात झालीय, त्यामुळे तांडेल खुशीत आहे. घोर वेगळाच आहे: परकीय चलनाच्या टंचाईपायी श्रीलंकेनं सुक्या माशाची खरेदी आवळलीय. पिढ्यान्‌पिढ्यांचं गिऱ्हाईक हातचं चाललंय. आता मासा गोठवून परदेशी विकायचा. दोन वर्षांपूर्वी मालेजवळच्या एका बेटावर पहिलं पर्यटक निवासही उघडलंय.

पहाटे प्रवाळाजवळ जाळं टाकून चिमुकले मासे धरले, ते बोटीच्या पोटातल्या हौदात जिवंत आहेत. हौदाच्या बुडाला भोकं असल्यानं समुद्राचं पाणी आतबाहेर खेळतं. ट्यूनाचा थवा दिसताच एक जण ते मासे मुठीमुठीनं फेकतो, दुसरे मागच्या बाजूनं पाणी उडवत राहतात. थवा खवळतो. आता गळाच्या काठ्या हातात येतात. गळाला आमिष नाही, उलटा काटाही नाही. झटका दिला की मासा डोक्यावरून येऊन फळ्यांवर आदळतो आणि आपोआप सुटतो. तुमच्या अंगावर रक्ताचे शिंतोडे उडतात. दोन-चार मिनिटांत थवा खाली जातो आणि सगळं थांबतं.

ही पद्धत या लोकांनी निसर्गप्रेमानं शोधलेली नाही. ते पोट भरत होते. पण एका गळाला एकच मासा येतो, त्यामुळे हावेला हात पुरत नाहीत. कासवं, डॉल्फिनही सहसा सापडत नाहीत.

आणखी पन्नास वर्षं पुढं या. २०१० मध्ये शार्कच्या मासेमारीवर बंदी आली; जिवंत शार्क पाहायला पर्यटक पुन्हापुन्हा पैसे मोजतो. २०१२ मध्ये इथल्या गळाच्या ट्यूनाला शाश्वत मासेमारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं. पण ट्यूनाला सरहद्द कुठली? हाच मासा बाहेरच्या समुद्रात युरोपीय बोटी मासे गोळा व्हावेत म्हणून सोडलेल्या तरंगत्या तराफ्यांभोवती प्रचंड जाळी फिरवून उचलतात. मालदीवच्या आग्रहानं २०१६ मध्ये हिंद महासागरात या माशाच्या पकडीची मर्यादा ठरवण्याचा नियम झाला. पुढं ती मर्यादा ओलांडलीही गेली.

घरातलं दुखणं वेगळं. पाच लाखांच्या देशात २०२४ मध्ये वीस लाखांवर पर्यटक आले. त्यांच्यासाठी धावपट्ट्या, निवास, वस्तीसाठी नवी बेटं. त्यापायी समुद्रतळाची वाळू उपसून उथळ पाणी बुजवायचं. १९९८ आणि २०१६ च्या तापलेल्या पाण्यानं प्रवाळ आधीच पांढरं पडलेलं. आणि गळाच्या मासेमारीचं आमिष मिळतं ते नेमकं या प्रवाळापाशीच. शाश्वततेचा शिक्का मिरवणारा धंदा आणि त्याच समुद्राचं चित्र दाखवून खोल्या विकणारा धंदा, दोघांचे पाय एकाच प्रवाळावर.

रात्री दिवे लावून आमिष धरायला निघालेल्या बोटीवर तुम्ही चढता. नेहमीच्या जागी भराव पडलाय. तरुण खलाशी म्हणतो, दोन तास लांब जाऊ. तांडेल डिझेलचा हिशेब मांडतो आणि दोघांचं चांगलंच वाजतं.