एचआयव्ही आधी कुणाच्या रक्तात शोधला?

मागच्या वेळी आपण पुण्यातल्या प्लेगबद्दल बोललो. तेव्हा सोजीर घराघरात शिरून रोगी शोधत होते. आजची साथ आपल्यातल्या अनेकांच्या डोळ्यांदेखत आलेली आहे. तिचे रोगी कुठे शोधले गेले, एवढंच आज बघू.

साल १९८६, शहर मद्रास. डॉ. सुनीती सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे, तिथेच चामड्याचा व्यापार करणाऱ्या मराठी घरातल्या. मद्रास मेडिकल कॉलेजात त्या सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत. हा रोग पाश्चात्त्यांचा, आपल्याकडे कुठला, असं तेव्हा मोठमोठे लोक म्हणत होते. त्यांच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी देहविक्री करणाऱ्या स्त्रियांचं रक्त गोळा केलं. वेल्लोरला तपासणी झाली आणि सहा नमुने बाधित निघाले. भारतातली ही पहिली नोंद. काम धाडसाचंच होतं. पण पुढे देशाने त्यातून घेतलेला अर्थ बघा: रोग 'त्या बायकांचा'. त्यांच्याकडे जाणाऱ्या पुरुषांचं रक्त कुणी मागितलंच नव्हतं.

मणिपूरची गोष्ट वेगळी. तिथे ब्रह्मदेशाच्या सीमेवरून हेरॉइन येई आणि एकच सुई चार-पाच जणांत फिरे. १९८९-९० च्या सुमारास, वर्षभराच्या आत, तपासलेल्या सुईवाल्या तरुणांपैकी जवळपास निम्मे बाधित झाले. त्याच १९८९ मध्ये गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणाला पोलिसांनी उचललं आणि म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस कोंडून ठेवलं. त्याचा गुन्हा काय? तो रक्तदान करायचा, म्हणून त्याचं रक्त तपासलं गेलं होतं.

आता पुणे. इथे मी जरा थांबणार आहे. १९९३ ते १९९६ दरम्यान गुप्तरोगांच्या दवाखान्यांत आलेल्या ९१६ स्त्रिया तपासल्या गेल्या. देहविक्री करणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्या बाधित होत्या, यात तेव्हा कुणाला नवल वाटलं नसतं. पण देहविक्री न करणाऱ्या ज्या होत्या, त्यांतही १३.६ टक्के बाधित निघाल्या. त्यांतल्या बहुतेक लग्नाच्या, एका नवऱ्यापलीकडे कुणाशी संबंध नसलेल्या. 'जोखमीचे गट' म्हणून जी यादी केली होती, तिच्यात गृहिणी हा रकानाच नव्हता.

माझ्या आजोळी, सांगलीकडे, शेजारी एक काकू होत्या. नवरा ट्रकवर. तो गेला तेव्हा घरच्यांनी काकूंनाच पांढऱ्या पायाची ठरवलं. वर्षभरात त्यांचाही खोकला थांबेना, तेव्हा कुठे रक्त तपासलं. आम्हा मुलांना त्यांच्या घरचं पाणी प्यायला बंदी झाली. मीही ती पाळली.

२००७ मध्ये देशातल्या बाधितांचा अंदाज सुमारे ५२ लाखांवरून २५ लाखांवर आला. साथ एका वर्षात निम्मी झाली, असं अनेकांना वाटलं. तसं नव्हतं. आधीचा हिशोब मुख्यतः सरकारी दवाखान्यांत येणाऱ्यांच्या रक्तावर बेतलेला होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने पहिल्यांदाच घरोघर जाऊन एक लाखाहून अधिक लोकांचं रक्त घेतलं, आणि मोजमापच बदललं.

२०१७ च्या पाहणीत सुईने नशा करणाऱ्यांत ६.२६ टक्के, तृतीयपंथीयांत ३.१४, पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांत २.६९ आणि देहविक्री करणाऱ्या स्त्रियांत १.५६ टक्के लागण आढळली. पुण्यातला जुना आकडा आणि हा थेट ताडून पाहू नका, ती दवाखान्यात आजारी म्हणून आलेली माणसं होती. तरीही उतार खरा आहे, आणि त्यात कलकत्त्याच्या सोनागाचीतल्या नि सांगलीतल्या ज्या बायकांनी स्वतः निरोध वाटत गल्ल्या पालथ्या घातल्या, त्यांचा मोठा वाटा आहे. २००४ पासून मिळू लागलेल्या मोफत औषधांनी माणसं जगू लागली, हे तर आहेच.

या पाहणीत ट्रकचालकांना वेगळा रकाना आहे, स्थलांतरित मजुरांनाही आहे. घरातली स्त्री मोजली जाते ती गरोदर असताना, तपासणीच्या रांगेत उभी राहिली तर. आमच्या काकूंचं दुसऱ्या मुलानंतर ऑपरेशन झालं होतं. त्या रांगेत त्या पुन्हा कधी येणारच नव्हत्या.