विजयदुर्ग, प्लासी, पानिपत आणि एक जागतिक युद्ध

आपल्या शालेय पुस्तकांत आंग्ऱ्यांचं आरमार एका धड्यात येतं, प्लासी दुसऱ्या आणि पानिपत तिसऱ्या. जॉर्ज वॉशिंग्टन तर वेगळ्याच इयत्तेत भेटतो. मी मुळात भाषेचा शिक्षक, इतिहासाचा तास माझ्याकडे बदलीवरच येतो. पण जेव्हा येतो तेव्हा हे धडे एकमेकांना जोडून सांगायचा मोह मला आवरत नाही. १७५६ ते १७६३ या काळात जगाच्या चार खंडांवर एकच युद्ध चाललं होतं. मराठीत त्याला सप्तवार्षिक युद्ध म्हणतात, उर्दूत जंग-ए-हफ़्त-साला. आपलं अठरावं शतक त्या युद्धाशिवाय नीट समजत नाही.

एका बाजूला ब्रिटन आणि प्रशिया. दुसऱ्या बाजूला फ्रान्स, ऑस्ट्रिया, रशिया आणि शेवटी शेवटी स्पेन. युरोपात भांडण जमिनीचं होतं. समुद्रापलीकडे ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यात व्यापाराचं आणि वसाहतींचं. उत्तर अमेरिकेतल्या जंगलात १७५४ मध्येच गोळी सुटली होती. तिथे इंग्रजांच्या तुकडीचा म्होरक्या होता बावीस वर्षांचा वॉशिंग्टन. युद्धाची रीतसर घोषणा व्हायला आणखी दोन वर्षं लागली.

या दोन सत्तांच्या हिशेबात हिंदुस्थान कुठे बसत होता, हे एका जुन्या सौद्यावरून कळतं. १७४६ मध्ये फ्रेंचांनी मद्रास जिंकलं. १७४८ च्या तहात ते इंग्रजांना परत मिळालं आणि बदल्यात फ्रेंचांना मिळाला कॅनडाच्या किनाऱ्यावरचा लुईबर्गचा किल्ला. मद्रासच्या लोकांना कोणी विचारलं नव्हतं, लुईबर्गच्याही नाही.

आता आपल्या कोकणात या. १७५५ च्या अखेरीस रॉबर्ट क्लाइव्ह मुंबईत उतरला. मराठ्यांच्या साथीने दख्खनमधल्या फ्रेंचांवर चालून जायचं, असा मूळ बेत होता. हैदराबादेत निजाम सलाबतजंगाच्या दरबारी फ्रेंच सेनानी बुसी आपली कवायती फौज घेऊन बसला होता आणि पेशव्यांनाही तो सलत होता. पण मद्रास आणि पाँडिचेरी यांच्यात तात्पुरता समझोता झाला होता, त्यामुळे तो बेत बारगळला. हाताशी असलेली फौज आणि ॲडमिरल वॉटसनचं आरमार मग विजयदुर्गाकडे वळलं. नानासाहेब पेशव्यांना तुळाजी आंग्रे नको होते, इंग्रजांनाही नको होते. फेब्रुवारी १७५६ मध्ये आंग्ऱ्यांची जहाजं विजयदुर्गाच्या खाडीत जळून खाक झाली. पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांना टक्कर देणारं सर्वांत जबर मराठी आरमार मराठ्यांच्याच संमतीने गेलं.

तेच वॉटसन आणि तोच क्लाइव्ह पुढच्या जानेवारीत कलकत्त्यात होते. सिराजुद्दौलाने घेतलेलं शहर त्यांनी परत मिळवलं. मार्च १७५७ मध्ये त्यांनी फ्रेंचांचं चंद्रनगर घेतलं आणि २३ जूनला प्लासी झाली. प्लासी ही नवाब आणि कंपनी यांची लढाई म्हणून आपण शिकतो, ते खरंच आहे. पण क्लाइव्हला बंगालमधून फ्रेंचांनाही उखडायचं होतं, आणि सिराजच्या बाजूने त्या दिवशी मूठभर फ्रेंच तोफची लढत होते. मीर जाफरचं नाव गद्दारीचा समानार्थी शब्द होऊन बसलं आहे. त्या कटात राय दुर्लभ होता, जगत सेठांचं घराणं होतं, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. तो कट कोणत्या धर्माचा नव्हता, सत्तेचा आणि पैशाचा होता.

१७५८ मध्ये फ्रेंचांचा नवा सेनापती लाली पाँडिचेरीला आला. मद्रास घेण्यासाठी त्याने बुसीला हैदराबादेतून बोलावून घेतलं. मद्रास पडलं नाही आणि निजामाचा दरबारही हातचा गेला. २२ जानेवारी १७६० रोजी वांदिवाशला लाली हरला आणि बुसी कैद झाला.

बुसीच्या फौजेत तयार झालेला एक सरदार मात्र तोवर मराठ्यांकडे आला होता: इब्राहिमखान गारदी. बुसीनंतर निजामअली आणि तिथून पेशवे, असा त्याचा प्रवास. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरच्या लढाईत तो मराठ्यांच्या बाजूने निजामाविरुद्ध लढला आणि पुढे सदाशिवरावभाऊंबरोबर उत्तरेला गेला. पानिपत हा काही सप्तवार्षिक युद्धाचा भाग नव्हे. पण फ्रेंचांनी त्यांच्या स्वार्थासाठी दख्खनमध्ये आणलेली कवायत, संगिनी आणि तोफा इब्राहिमखानाबरोबर पानिपतला पोचल्या. १४ जानेवारी १७६१ रोजी त्याच्या गारद्यांनी रोहिल्यांची फळी मोडून काढली आणि स्वतःही बहुतेक तिथेच संपले. जखमी इब्राहिमखान पकडला गेला आणि अब्दालीच्या छावणीत मारला गेला. त्यानंतर दोन दिवसांत, हजारभर मैलांहून अधिक दक्षिणेला, उपासमारीने टेकीला आलेलं पाँडिचेरीही इंग्रजांच्या हाती पडलं.

एकदा वर्गात एका मुलाने मला विचारलं, "सर, पानिपतात आपण कोणाकडून होतो?" प्रश्न साधा होता, पण त्यातलं ते 'आपण' माझ्या मनातून गेलं नाही. मी त्याला म्हटलं, अब्दालीकडेही मुसलमान होते आणि भाऊंच्या तोफा ज्याच्या हाती होत्या तोही मुसलमानच होता. मग तूच सांग. 'गारदी' ही जात नव्हती, नोकरी होती. नारायणराव पेशव्यांच्या खुनामुळे मराठीत हा शब्द बदनाम झाला, आणि त्या मारेकऱ्यांचा म्होरक्या सुमेरसिंग होता.

आज मोबाइलवर पानिपतच्या नावाने जे फिरतं, त्यात दोनच रंग असतात. त्या युद्धात असे दोन रंग युरोपातही नव्हते. कॅथलिक फ्रान्स आणि कॅथलिक ऑस्ट्रिया पिढ्यान्‌पिढ्यांचे वैरी होते, ते १७५६ मध्ये मित्र झाले. आपल्याकडे निजाम फ्रेंचांच्या फौजेवर विसंबला आणि पेशव्यांनी इंग्रजांचं आरमार वापरलं. प्रत्येकाला वाटलं की आपण फिरंग्यांना वापरून शेजाऱ्याला नमवतो आहोत. शेजाऱ्यापुरतं ते कधी कधी खरंही ठरलं. पण मद्रासचे इंग्रज काय करत होते पाहा: १७६२ मध्ये त्यांनी तिथून फौज पाठवून स्पेनचं मनिला घेतलं, आणि त्या फौजेत हिंदी शिपाईही होते. एका बंदरातून समुद्रापलीकडे घाव घालण्याची त्यांची ती तयारी आपल्या कोणत्याच दरबाराने मोजली नाही.

१० फेब्रुवारी १७६३ रोजी पॅरिसमध्ये तह झाला. फ्रान्सने कॅनडा सोडला, पाँडिचेरी त्याला परत मिळालं, पण हिंदुस्थानातलं राजकारण हातचं गेलं. १७६५ मध्ये कंपनीला बंगालची दिवाणी मिळाली. त्याच वर्षी युद्धाचं कर्ज आणि अमेरिकेतल्या सैन्याचा खर्च भागवायला ब्रिटनने तिथे नवा स्टॅम्प कर लावला. त्यातून पेटलेल्या भांडणात वॉशिंग्टन पुढे ब्रिटनविरुद्ध उभा राहिला.

त्या तहाचं अकरावं कलम मी मुलांना नेहमी सांगतो. ब्रिटन आणि फ्रान्स यांनी त्यात सलाबतजंगाला दख्खनचा कायदेशीर सुभेदार म्हणून मान्यता दिली. दख्खनचा धनी कोण, हे पॅरिसमध्ये बसून ठरलं. तिथे दख्खनचा एकही माणूस नव्हता. आणि सह्या झाल्या तेव्हा सलाबतजंग गादीवरही नव्हता. निजामअलीने, म्हणजे त्याच्या भावाने, सात महिन्यांपूर्वीच त्याला पदच्युत करून बीदरला कैदेत टाकलं होतं. त्याच वर्षी तो कैदेतच मेला.