बंधावरची वाट

वऱ्हाडातील सुर्जी अंजनगाव येथे ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे यांनी इंग्रजांशी जो तह केला, त्याने मराठ्यांच्या हातून दिल्ली गेली, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. परंतु दिल्लीबरोबर तिच्या दक्षिणेचा आणि पश्चिमेचा जो रुक्ष, खडकाळ मुलूख गेला, त्याची आठवण सहसा कोणी काढीत नाही. त्या मुलखात गुडगाव नावाचे एक लहानसे गाव होते. पांडवांनी ते द्रोणाचार्यांना गुरुदक्षिणा म्हणून दिले अशी लोककथा आहे, आणि तिचाच आधार घेऊन २०१६ साली शासनाने या शहराचे नाव गुरुग्राम असे केले. इतिहासाला मात्र हे गाव मोठे झालेले दिसते ते फार उशिरा. शेजारचा झाडसा परगणा बेगम समरू हिच्या जहागिरीत होता. बेगमेच्या पलटणी १८०३ साली असईच्या रणांगणावर शिंद्यांच्या बाजूने उभ्या होत्या. तिच्या फौजेवर नजर ठेवण्यासाठी इंग्रजांनी या भागात घोडदळाची छावणी बसविली, आणि छावणीमागोमाग जिल्ह्याची कचेरी आली. १८३६ मध्ये बेगम मरण पावली आणि झाडशाचा परगणाही कंपनी सरकारात जमा झाला. १८५७ च्या उठावानंतर हा सारा जिल्हा पंजाबला जोडण्यात आला.

या जिल्ह्याच्या सरकारी दप्तरात लढाया थोड्या आणि पाणी फार आहे. त्याचे कारण भूगोलात सापडते. गुडगावच्या पूर्वेस अरवली पर्वताचे शेवटचे, झिजलेले फाटे दिल्लीकडे जातात. त्यांच्या पायथ्यापासून जमीन पश्चिमेकडे उतरत जाऊन नजफगडच्या सखल भागास मिळते. वर्षाकाठी पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आसपास. त्यातला बहुतेक जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत, आणि तोही चार-सहा मोठ्या सरींत. उघड्या खडकावर पडलेले पाणी घटकाभरात खाली धावते, शेताची माती उचलून नेते, आणि दसऱ्यानंतर विहिरी पुन्हा तळ दाखवू लागतात. बारमाही नदी जवळ नाही. अनेक ठिकाणी भूगर्भातले पाणी खारे. अशा प्रदेशात शेतकऱ्याला एकच उपाय सुचण्याजोगा होता : धावते पाणी अडवावे आणि त्याला चालायला शिकवावे.

डोंगराच्या पायथ्याशी, उताराला आडवे, मातीचे लांबच लांब बंध घालण्यात आले ते यासाठी. महाराष्ट्रातील श्रोत्यांना बंध हा शब्द निराळा समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्याकडची बांधबंदिस्ती, खानदेशातील पांझरेकाठचे फड आणि गुडगावचे हे बंध ही एकाच विचाराची भावंडे होत. मात्र गुडगावच्या बंधाला धरण समजू नये. त्याच्या मागे साठलेले पाणी वर्षभर राखायचे नसे. पावसाळ्यात ते पसरून उभे राही, गाळ टाकी, हळूहळू जमिनीत मुरे. पाणी ओसरले की त्याच ओल्या जमिनीत गहू-हरभरा पेरला जाई आणि खालच्या अंगाच्या विहिरींना पाझर सुटे. झाडसा, घाटा, वझीराबाद, चक्करपूर या गावांची नावे आजही बंधांना चिकटलेली आहेत. चक्करपूर ते वझीराबाद हा त्यांपैकी एक बंध सुमारे सव्वापाच किलोमीटर लांबीचा असून तो शंभराहून अधिक वर्षांचा आहे.

त्याच काळात पंजाब सरकारने १९०० साली भूमिसंरक्षणाचा कायदा केला. तो मुळात शिवालिकच्या पायथ्याशी ओढ्यांनी चालविलेली धूप थांबविण्यासाठी होता. पुढे अरवलीच्या काही भागासही तो लागू झाला. परक्या सरकारला रयतेचा कळवळा होता असे समजण्याचे कारण नाही. शेतच वाहून गेले तर सारा कोणाकडून घ्यायचा, हा त्यातला रोकडा विचार. पण हेतू कोणताही असो, काम व्हायचे ते झाले.

१९२० नंतरच्या दशकात फ्रँक ल्यूगार्ड ब्रेन नावाचा डेप्युटी कमिशनर या जिल्ह्यात आला. खतांचे खड्डे, सुधारलेली रहाटगाडगी, घरांना खिडक्या, मुलींचे शिक्षण अशा नाना उपक्रमांचा त्याने झपाटा लावला आणि ‘गुडगावचा प्रयोग’ साऱ्या हिंदुस्थानात गाजला. ब्रेनची बदली झाली आणि प्रयोग ओसरला. त्याच्या टीकाकारांनी तेव्हाच म्हटले होते की, सुधारणा साहेबाची होती, गावाची नव्हती. सरकारी नोकरीत ज्यांनी दोन-चार बदल्या पाहिल्या आहेत, त्यांना हे वाक्य कठोर वाटेल, खोटे वाटणार नाही.

हरियाणा राज्य १९६६ मध्ये झाले. १९८० नंतर खासगी वसाहतींना परवाने मिळू लागले. १९८३ च्या अखेरीस मारुतीची पहिली मोटार येथील कारखान्यातून बाहेर पडली. पुढे परदेशी कंपन्यांच्या कचेऱ्या आल्या. २०११ च्या शिरगणतीत शहराची लोकसंख्या पावणेनऊ लाखांवर गेली होती. महानगरपालिका मात्र २००८ पर्यंत नव्हतीच. इमारती आधी आणि नगर मागाहून, असा हा उलटा क्रम. शेते विकली गेली. ज्या शेतांसाठी बंध होता ती शेतेच नाहीशी झाली, तेव्हा बंधाला कोणी मालक उरला नाही. कागदावर तो सरकारी जमिनीची एक लांब पट्टी म्हणून राहिला. पाडकामाचा राडारोडा टाकायला अशी पट्टी फार सोयीची. राडारोड्याच्या मागून सांडपाणी आले, आणि दोन्हींवर विलायती कीकर माजला. आपण याच झाडाला वेडी बाभूळ म्हणतो. नव्या रस्त्यांनी बंध ठिकठिकाणी छेदला. शहरात राहावयास आलेल्या माणसाला ती केवळ घाणीची एक उंच कड वाटू लागली.

पाण्याची आठवण माणसापेक्षा पक्की असते. २८ जुलै २०१६ रोजी सायंकाळी पाऊस कोसळला आणि गुरुग्रामचे रस्ते ओढे झाले. हजारो वाहने रात्रभर आणि दुसऱ्या दिवशीही अडकून पडली. पोलिसांना जमावबंदीचा हुकूम काढावा लागला. उतार तेच होते आणि पाऊसही अपूर्व नव्हता. वाटेत अडवणारे आणि मुरविणारे जे काही होते, ते मात्र शहराने मोडून टाकले होते.

बंधाच्या पुनर्रचनेचे काम याच सुमारास हाती घेण्यात आले. ‘आय ॲम गुडगाव’ या नागरिकांच्या संस्थेने महानगरपालिकेच्या सहकार्याने ते चालविले. संस्थेला अनुभव होता. दिल्लीच्या सीमेवरील नाथूपूरच्या डोंगरात दगडाच्या खाणींनी पोखरलेली सुमारे ३८० एकर जमीन होती. अरवलीतील खाणींवर सर्वोच्च न्यायालयाने २००२ आणि २००९ मध्ये बंदी आणली. जागतिक पर्यावरणदिनी, ५ जून २०१० रोजी, या ओसाड जागेवर अरवली जैवविविधता उद्यानाच्या कामास आरंभ झाला. विजय धस्माना या वनस्पतींच्या जाणकाराने हिरवळ आणि शोभेची झाडे यांना फाटा दिला आणि अरवलीचे मूळचे रान परत आणण्याचा आग्रह धरला. त्यासाठी जुन्या रानांतून बी गोळा करून रोपे तयार करावी लागली, कारण बाजारातल्या रोपवाटिकांत ती मिळतच नव्हती. धौ, सालई, कुळू, खैर, ढाक, रोंझ ही त्या झाडांची नावे. मराठी माणसाने ती जरा निरखून पाहावीत : धौ हा आपल्या धावड्याचा भाऊबंद, कुळू म्हणजे कांडोळ, ढाक म्हणजे पळस आणि रोंझ म्हणजे हिवर. २ फेब्रुवारी २०२२ रोजी, अभयारण्य नसूनही निसर्गरक्षण करणारे देशातील पहिले क्षेत्र म्हणून या उद्यानाला मान्यता मिळाली.

बंधाचा प्रश्न मात्र अधिक नाजूक होता. डोंगरावर माणसांची वस्ती नव्हती. बंधाच्या दोन्ही बाजूंस होती. एकीकडे उंच इमारती आणि कुंपणे घातलेल्या वसाहती. दुसरीकडे चक्करपूर, वझीराबाद ही जुनी गावे, आणि त्या गावांतल्या खोल्यांत दाटीवाटीने राहणारे, दूरदूरच्या राज्यांतून आलेले भाडेकरू : पहारेकरी, मोलकरणी, स्वयंपाकी, वाहनचालक. रुंद रस्ते मोटारींसाठी बांधलेले. पायी जाणाऱ्याला तेथे कड नाही. राडारोडा असो की घाण, ही माणसे बंधावरून जात होतीच. पुनर्रचनेतले खरे शहाणपण हे की तिने ही वाट ओळखली. राडारोडा उचलला, सांडपाण्याचा बंदोबस्त केला, वेडी बाभूळ काढून देशी झाडे-झुडुपे लावली आणि बंधाच्या लांबीने चालण्याची व सायकलीची वाट आखली. दरवाजा आणि तिकीट असलेली बाग करण्याचा मोह टळला.

पुण्याच्या श्रोत्याला या ठिकाणी पर्वतीखालचे तळे आठवल्यावाचून राहणार नाही. नानासाहेब पेशव्यांनी ते बांधविले, त्यातील बेटावर सवाई माधवरावांच्या काळी गणपतीचे देऊळ झाले. पुढे तळे आटले, भरले गेले, आणि विसाव्या शतकात तेथे सारसबाग उभी राहिली. संध्याकाळी भेळ खात हिरवळीवर बसणाऱ्या कुटुंबांना तळ्याचे दुःख नाही, आणि त्यांचा आनंद खोटा आहे असेही कोणी म्हणणार नाही. बंडगार्डन हे नाव तर नदीवरच्या बंधाऱ्यापासूनच आले. तरीही एक फरक मनात ठेवला पाहिजे. सारसबागेने तळ्याची जागा घेतली. गुरुग्रामच्या बंधाला मातीचा बंध म्हणून अजून काम करता येण्याजोगे आहे. त्याच्या झाडांची मुळे माती धरतात आणि वरच्या अंगाला थांबलेले पाणी, जेथे काँक्रीट नाही तेथे, आजही मुरू शकते. म्हणून त्याचे पुढे काय करावयाचे हा केवळ बागकामाचा प्रश्न राहत नाही. उद्या कोणी सोयीसाठी या वाटेवर फरशी घालू म्हणेल, कोणी दिव्यांची रोषणाई सुचवील, कोणी मोटारी उभ्या करण्यास जागा मागेल. यांतली प्रत्येक मागणी स्वतंत्रपणे वाजवीच दिसेल. बंध बांधणाऱ्या शेतकऱ्याला दर पावसाळ्यापूर्वी घळी बुजवाव्या लागत, कारण त्याचा गहू त्यावर अवलंबून असे. आजच्या शहरवासीयाचा गहू बाजारातून येतो. बंधाची घळ त्याला कळते ती रस्त्यावर गुडघाभर पाणी चढल्यावर. आणि तोवर घळ कोणी बुजवायची, महानगरपालिकेने की संस्थेने, याची पत्रे लिहिली जात असतात.

सकाळी या वाटेवर प्रथम दिसतात ती फिरावयास आलेली मंडळी नव्हेत. त्यांच्या आधी, अंधार पुरता सरला नसताना, रात्रपाळी संपविलेले पहारेकरी सायकली घेऊन गावाकडे परततात आणि कामाला निघालेल्या बाया झपझप उलट दिशेने जातात. जेथे मोठा रस्ता बंधाला छेदतो, तेथे दोघांनाही उतरून, मोटारींचा लोंढा थांबेपर्यंत, उभे राहावे लागते. पलीकडे बंध पुन्हा चढतो आणि वाट पुढे वझीराबादकडे जाते.