सवत, संशय आणि सुखात्मिका

1953 साली इंग्लंडात ‘द कॅप्टन्स पॅरडाइज’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. दिग्दर्शन अँथनी किमिन्स यांचे आणि प्रमुख भूमिका ॲलेक गिनेस यांची. जिब्राल्टर आणि उत्तर आफ्रिकेतील एक कल्पित बंदर यांच्या दरम्यान फेरीबोट चालविणारा एक कप्तान दोन्ही तीरांवर एकेक संसार थाटतो. जिब्राल्टरात त्याची स्वयंपाकपाण्यात रमणारी बायको मॉड. पलीकडे नाचगाण्याची हौस असलेली नीता. पुढे मॉडला नृत्यगृहाची ओढ लागते, नीताला चुलीची, आणि कप्तानाने मोठ्या हिशेबाने मांडलेला स्वर्ग दोन्हीकडून ढासळू लागतो. ब्रिटिश चित्रपटसृष्टीतील वैवाहिक प्रतारणेच्या सुखात्मिकांत या चित्रपटाला मानाचे स्थान आहे. त्यातील सारा विनोद एकाच खुंटीला टांगलेला आहे, आणि ती खुंटी म्हणजे गुप्तता. एकीला दुसरीचा पत्ता लागता कामा नये.

आता त्याच वर्षीचा भंडारा जिल्हा डोळ्यांसमोर आणावा. हा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेश राज्यात होता. शेजारच्या मुंबई राज्यात 1946 च्या कायद्याने हिंदू पुरुषाचा दुसरा विवाह गुन्हा ठरला होता. मध्य प्रदेशात तसा सर्वसाधारण निर्बंध नव्हता. तो आला 18 मे 1955 रोजी, हिंदू विवाह कायद्याबरोबर. म्हणजे कप्तानाची बोट पडद्यावर ये-जा करीत होती त्या काळी पवनीच्या एखाद्या हिंदू शेतकऱ्याने वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर एकेक घर केले असते, तर त्याला कायद्यापासून काही लपविण्याचे कारण नव्हते. गावापासून तर नव्हतेच. त्याच्या घरी नाट्य घडले असतेच. पण ते लपविण्याचे नव्हे, दोघींच्या एकत्र नांदण्याचे.

भाषेने याची नोंद फार पूर्वी करून ठेवली आहे. मराठीतील ‘सवत’ हा शब्द संस्कृत ‘सपत्नी’पासून आला. सवतीमत्सर, सावत्र, सवतीची पोरे असे त्याचे मोठे गोत आहे. या शब्दाचा पुल्लिंगी जोड शोधू गेल्यास गंमत दिसते. संस्कृतात ‘सपत्न’ असा शब्द आहे, आणि तो ‘सपत्नी’वरूनच मागाहून घडविलेला आहे, परंतु त्याचा अर्थ केवळ शत्रू, प्रतिस्पर्धी. घरात शिरलेल्या दुसऱ्या पुरुषाला उद्देशून ‘सवत’इतका नित्याच्या वापरातला शब्द मराठीने घडविला नाही.

फसविल्या गेलेल्या नवऱ्याची गोष्ट याहून बोलकी आहे. इंग्रजीत त्याला ‘ककल्ड’ म्हणतात, फ्रेंचमध्ये ‘कोक्यू’. दोन्ही शब्दांच्या मुळाशी कोकिळा आहे, कारण ती आपली अंडी दुसऱ्याच्या घरट्यात घालते. आपल्या परंपरेला ही गोष्ट ठाऊक नव्हती असे नाही. संस्कृतात कोकिळाला ‘परभृत’, म्हणजे दुसऱ्याने पोसलेला, असेच म्हटले आहे. पण त्या ज्ञानातून नवऱ्याची टोपणनावे निघाली नाहीत. मराठीत शिंदळ आहे, जारिणी आहे, व्यभिचारिणी आहे. पुरुषाकडे बोट दाखविणारा ‘जार’ही आहे. ज्याला पाहून प्रेक्षागृह हसेल, त्या फसलेल्या पतीला मात्र रूढ बोलीत एकशब्दी नाव नाही. कायद्यात त्याला जागा होती. 1860 च्या भारतीय दंडसंहितेतील कलम 497 नुसार व्यभिचारात पीडित तो नवराच. शिक्षा परपुरुषास, आणि पत्नी गुन्ह्याची साहाय्यकसुद्धा नव्हे. तिला धनाच्या सदरात टाकणारे हे कलम सर्वोच्च न्यायालयाने 27 सप्टेंबर 2018 रोजी रद्द केले.

या पार्श्वभूमीवर गोविंद बल्लाळ देवलांची कामगिरी पाहिली पाहिजे. मोलिएरने 1660 साली ‘स्गानारेल’ लिहिले. त्याचे उपशीर्षकच ‘कल्पनेतला कोक्यू’ अशा अर्थाचे आहे. ती कल्पना घेऊन आर्थर मर्फीने इंग्रजीत ‘ऑल इन द राँग’ हे नाटक 1761 मध्ये रंगभूमीवर आणले. मर्फीच्या नाटकावरून देवलांनी 1893 मध्ये ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक केले. तेच पुढे पदांसह ‘संगीत संशयकल्लोळ’ झाले. 1916 साली देवल वारले, आणि त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने ते सादर केले. गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव आणि बालगंधर्वांची रेवती यांच्या आठवणी पुढे कित्येक वर्षे सांगितल्या गेल्या.

फ्रेंच शीर्षकात नवऱ्याचे उपहासनाम आहे, इंग्रजीत सर्वांची चूक, आणि मराठीत संशय. ही निवड शब्दाच्या अभावी केलेली तडजोड आहे असे मला वाटत नाही. ‘तो बायकोवर संशय घेतो’ एवढे म्हटले की कशाचा संशय हे मराठीत सांगावे लागत नाही. चोरीचा असेल तर ते मुद्दाम सांगावे लागते. हा शब्द अगोदरच विवाहाच्या घरात राहावयास आला होता. देवलांनी त्याला दारावरची पाटी दिली. शिवाय फाल्गुनरावाच्या तीनच वर्षे आधी, 1890 मध्ये, त्यांनी ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ केले होते. तेथे एक हातरुमाल, येथे एक तसबीर. हरवलेली वस्तू भलत्या हाती सापडते आणि पत्नीचे शील पणाला लागते, ही युक्ती दोन्हीकडे एकच. पहिल्या नाटकात त्याची किंमत पत्नी प्राणाने देते. ते नुकतेच हातावेगळे केलेल्या लेखकाला संशय ही हसण्याजोगी गोष्ट किती थोड्या अंतराने ठरते, हे पुरते माहीत होते.

पात्रांच्या नावांकडे जाता जाता पाहू. पुरुषांना महिन्यांची नावे, स्त्रियांना नक्षत्रांची : फाल्गुनराव, अश्विनशेट, भादव्या, कृत्तिका, रेवती, रोहिणी. आता महिन्यांची नावेच मुळी नक्षत्रांवरून पडलेली. फाल्गुन फल्गुनीवरून, आश्विन अश्विनीवरून. त्या हिशेबाने कृत्तिकेचा महिना कार्तिक होय. फाल्गुनरावाच्या घरी ती परकीच. उलट रेवती हे शेवटचे नक्षत्र आणि अश्विनी पहिले, म्हणून चक्रात ती दोन शेजारी येतात. देवलांनी हे योजून केले असा माझा दावा नाही.

अधिक महत्त्वाचा बदल रेवतीचा आहे. मर्फीची बेलिंडा प्रतिष्ठित घरची मुलगी. देवलांची रेवती नायकिणीच्या घरात वाढलेली. कृत्तिकेवरील संशय तसबिरीने निर्माण होतो, रेवतीवरचा तिच्या जन्माबरोबरच आलेला असतो. नाटकात प्रत्यक्ष व्यभिचार कोणीच करीत नाही, तरी सर्वांत अधिक गमावण्याचा धोका जिला आहे ती विवाहाच्या बाहेर उभी आहे. कप्तानाच्या चित्रपटात असे कोणी नाही.

भंडारा जिल्ह्याकडे परत वळताना झाडीपट्टीची रंगभूमी आठवते. दिवाळीनंतर मंडई भरते, शंकरपट होतात, आणि दंडार, खडी गंमत व नाटके यांत रात्री सरतात. खडी गंमतीत स्त्रीची भूमिका परंपरेने पुरुषच करीत आला. बालगंधर्वांची रेवती आणि गंमतीतील नाच्या यांच्यात प्रतिष्ठेचे अंतर मोठे असले, तरी स्त्रीवरचा संशय पुरुषाच्याच तोंडून दोन्ही बाजूंनी बोलला जात होता, हे सामान्यच आहे. झाडीबोलीत ‘श’चा ‘स’ आणि ‘ळ’चा ‘र’ होतो; म्हणजे देवलांचे शीर्षक तेथे ‘संसयकल्लोर’ होऊनच यावयाचे. परंतु उच्चारापेक्षा मोठा फरक समाजरचनेचा आहे. ग्रामीण महाराष्ट्रातील अनेक जातींत काडीमोड आणि पाट या रूढी होत्या. नवऱ्याशी पटले नाही तर बाईला दुसरे घर करता येई, मग त्या घराला मान कमी का असेना. पांढरपेशा कृत्तिकेला असे दार नव्हते. तिचा तंटा त्याच घरात मिटला पाहिजे, म्हणून तो हसण्यावारी नेणे भागच होते.

तेव्हा झाडीपट्टीच्या गंमतीतील नवरा-बायकोचे संवाद तपासताना 1955 ही मर्यादा डोळ्यांपुढे ठेवावी. दोन बायकांच्या घराचा विनोद त्या सालाआधी उघड्या अंगणातला आणि नंतर लपवाछपवीचा झाला काय, हा प्रश्न शाहिरांच्या वह्या आणि वयोवृद्ध कलावंतांच्या आठवणी यांतूनच सुटेल. साकोली, लाखनी, पवनी या तालुक्यांत हे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घेण्यासारखे आहे. संवाद टिपताना ‘सवत’ कोठे येते आणि ‘संसय’ कोठे, एवढी एक नोंद प्रत्येक ठिकाणी वेगळी करावी.