सलाम करणारी आकडी

‘इन्फंटाइल स्पॅझम’ ही तान्ह्या मुलांची एक दुर्मीळ आकडी. दहा हजार बाळांत फार तर दोन ते पाच बाळांना ती होते. तिचे पहिले सविस्तर वर्णन एका बापाने लिहून ठेवले. विल्यम जेम्स वेस्ट हे इंग्लंडमधील केंट परगण्यातल्या टनब्रिज गावचे डॉक्टर. त्यांचा मुलगा जेम्स १८४० साली जन्मला आणि चार महिन्यांपर्यंत चांगला धडधाकट होता. मग त्याची मान मधूनच जराशी पुढे झुकू लागली. हळूहळू डोके थेट गुडघ्यांकडे जाऊ लागले. क्षणात अंग सैल पडे आणि काही सेकंदांत पुन्हा तेच. असे दहा-वीस झटके ओळीने येत, दोन-तीन मिनिटांत थांबत आणि दिवसातून दोन-तीन वेळा हा प्रकार होई. झटके येण्याआधी खेळणारे मूल नंतर घाबरून किंचाळे. ते हसेनासे झाले, आसपासच्या माणसांची दखल घेईनासे झाले.

वेस्ट यांना आधी वाटले, दात येत असतील. त्यांनी हिरड्यांना चीर दिली, डोक्याला जळवा लावल्या, पाऱ्याचे रेचक दिले. त्या काळात हेच उपचार होते आणि त्यांतल्या एकाचाही गुण आला नाही. लंडनचे डॉक्टर सर चार्ल्स क्लार्क यांनी अशी मोजकीच मुले पाहिली होती. वाकण्याच्या ढबीवरून त्यांनी या विकाराला ‘सलाम’ची आकडी म्हटले. आपल्याकडच्या मुजऱ्या-सलामांतला हा शब्द तोवर इंग्रजीत रुळला होता. शेवटी वेस्ट यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहून इतर डॉक्टरांकडे माहिती मागितली. ते १३ फेब्रुवारी १८४१च्या अंकात छापले गेले. मुलाला मात्र त्याचा उपयोग झाला नाही. अर्ल्सवुडच्या मतिमंदांसाठीच्या संस्थेत तो १८६०मध्ये वारला.

पुढची शंभर वर्षे विशेष काही घडले नाही. १९५२मध्ये गिब्ज या संशोधक दांपत्याने या मुलांच्या मेंदूच्या आलेखातील (ईईजी) उंच, विस्कळीत लाटांना ‘हिप्सॅरिदमिया’ हे नाव दिले. १९५८मध्ये बेल्जियममध्ये ‘एसीटीएच’ या संप्रेरकाच्या इंजेक्शनांनी झटके थांबतात असे दिसले. हे झटके, हा आलेख आणि खुंटलेली वाढ मिळून ‘वेस्ट सिंड्रोम’ असे नाव पडले. १९९०च्या दशकात व्हिगाबॅट्रिन हे औषध आले. कातडीवर फिकट पांढरे चट्टे असणाऱ्या ट्यूबरस स्क्लेरोसिस या आजाराच्या मुलांना ते विशेष लागू पडते. मात्र त्याने नजरेची कड अधू होऊ शकते. भारतात जन्मतः श्वास गुदमरणे आणि रक्तातील साखर उतरणे ही या आकडीची मोठी कारणे आहेत. एसीटीएच महाग असल्याने इथे बरेच डॉक्टर तोंडाने देण्याचे प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड वापरतात.

उपचार लवकर सुरू झाले तर वाढ सावरण्याची शक्यता जास्त. घोडे अडते ते ओळखण्यापाशी. फिट म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे तोंडाला फेस आणि अंगाची थरथर येते. इथे तसे काहीच नसते, म्हणून घरात ‘बाळ दचकलं’, ‘पोटात गॅस झाला’, ‘दृष्ट लागली’ असे म्हणून दिवस निघून जातात. दचकणे आवाजाने होते आणि एकदाच होते. हे झटके रांगेने येतात, बहुधा झोपेतून उठल्या-उठल्या. बाळ तपासायला नेले की नेमके शांत असते. त्यामुळे दरवर्षी १ ते ७ डिसेंबरच्या जागृती सप्ताहात पालकांना सांगितले जाते, की झटका येताच मोबाइलवर चित्रण करा, ते डॉक्टरांना दाखवा आणि ईईजी लगेच करून घ्या.